हजेरीचं यंत्र

विगोच्या धक्क्यामागे शिंपल्यांचा कारखाना.
पहाटे पावणेसहाला रबरी बुटांतल्या बायकांची रांग,
आणि भिंतीवरून यंत्र म्हणतंय: बोट पुन्हा ठेवा.

बालबीना औतेइरोनं सात वेळा ठेवलं.
चाळीस वर्षं मीठपाणी, शिंपल्यांच्या धारदार कडा;
बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या.
यंत्राच्या लेखी ती आलीच नव्हती.
मागच्या महिन्यात असे तिचे साडेतीन तास बुडाले.

मला बोलावलं होतं वेग वाढवायला.
पाच स्क्रीन होत्या, पाचही उडवल्या.
‘तुमची खात्री आहे का?’ ही सगळ्यात आधी;
पहाटे पावणेसहाला कुणाची असते?
उरली एक चकती, कमरेच्या उंचीवर,
हातमोजा न काढता कार्ड टेकवायचं.
टुक्.

दुसऱ्या दिवशी रांगच नव्हती.
टुक्, टुक्, बायका सरळ आत.
मॅनेजर खूश: माणशी नऊ मिनिटं वाचली!

सुट्टीत बालबीना आली, ओला एप्रन झटकत.
"वाचली म्हणतोस ना, पोरा,
मग ठेवलीस कुठे?
साबेलाच्या लेकीचं बाळंतपण
काल रांगेत निम्म्यावर राहिलंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पाना होता.
जुनं यंत्र उतरवलं.
भिंतीवर एक चौकोन उरला, बाकीच्या रंगाहून पांढरा,
आणि तिथून पार दारापर्यंत,
टेकलेल्या खांद्यांचा
तेलकट, लांबलचक पट्टा.