पुठ्ठ्यावरचे थेंब

शेतिकाँत गाड्या म्हातारपणाने जात नाहीत,
मिठाने जातात.
अर्धं मीठ समुद्र फेकतो,
अर्धं हिवाळ्यात नगरपालिका.
लुसियाँमामाच्या ब्यूकची
पॉवर स्टीअरिंगची नळी फुटली तेव्हा
मला नवल एवढंच वाटलं
की ती तेहेतीस वर्षं टिकली कशी.

आधी नुसतं कण्हणं होतं.
चर्चच्या आवारात चाक पूर्ण वळवलं की
बॉनेटखाली कोणी दात आवळून रडावं तसं.
झेलीमामी होती तोवर दर रविवारी
टाकीचं झाकण उघडून दोन घोट तेल ओतायची,
आजाऱ्याला चमच्याने पेज भरवावी तशी,
आणि मामाला सांगायची नाही.

ती गेली. चाक जड झालं.
मामाला वाटलं, आपलेच हात गेले.
वर्षभर तसाच ओढत राहिला,
कोणाला बोलला नाही.
सुंभ जळतो, पीळ राहतो.

ऑक्टोबरात सुएत सुटला,
डोंगरावरून घसरत येणारा आमचा आग्नेय वारा,
उभा माणूस आडवा करणारा,
आणि मामा पुलावर सापडला
चाकाला दोन्ही हातांनी लोंबकळत,
गाडी कठड्याला टेकलेली.
पोलिसांनी गाडी पाहिली नाही, डोळे तपासायला लावले.
लायसन्स गेलं.

शेजारचा युलिस म्हणाला, आता दुरुस्त कशाला?
मामाने काही न बोलता
नळीचे पैसे टेबलावर मोजले.

खेकड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून मी खाली शिरले.
पंपाच्या तोंडाशी नट असा गंजलेला
की कोन कुठले, गोलाई कुठली, कळेना.
तेल मारलं. थांबले.
शिव्या दिल्या, पुन्हा तेल मारलं.
तिसऱ्या दिवशी सुटला तो अगदी सहज,
जणू आधी कोणी नीट विचारलंच नव्हतं.

जुनं तेल दुधाच्या डब्यात काढलं:
काळं, जळक्या साखरेच्या वासाचं.
नवी नळी बसवली, नवी रबरी कडी, नवं तेल.

मग हवा काढायची.
इंजिन बंद, पुढची चाकं अधांतरी,
आणि आत कोणीतरी बसून
चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, सावकाश.
मी म्हटलं, मामा, बस. डावीकडे.
“बाबोर,” तो म्हणाला, बोटीवर म्हणायचा तसं.
उजवीकडे.
“त्रिबोर.”

टाकीत फेस आला, ताकावर येतो तसा,
मग सुटे सुटे बुडबुडे,
मग बराच वेळ काही नाही, मग एक.
मी म्हटलं, पुरे.
तो थांबला नाही.
समोर गॅरेजची भिंत होती, खिळ्याला फावडं.
तिच्याकडे डोळे बारीक करून
तो वळत होता, सरळ होत होता, पुन्हा वळत होता.
“इथे खडक आहे,” म्हणाला,
“भरतीला दिसत नाही.”
मी तेलाची पातळी बघत राहिले.
पातळी ठीक होती.

इंजिन सुरू केलं. कण्हणं नाही.
मामाने एका बोटाने चाक फिरवून पाहिलं
आणि तोंड वाकडं केलं.
“फार हलकं केलंस, नोएला.
वारा कुठून येतोय ते आता हाताला कळणार कसं?”

सकाळी टॉर्च घेऊन पुठ्ठा पाहिला.
आधीचे सतरा थेंब मी पेनाने गोल करून ठेवले होते.
आज एक जास्त.
नवा, की जुनंच कुठेतरी अडकलेलं उतरलं,
ठरवता येईना. त्यालाही गोल केला,
शेजारी तारीख लिहिली.

“किती?” मामा खिडकीतून.
“एक.”
“हं,” म्हणाला,
“मग बाटली समोरच्या कप्प्यात असू दे,
नकाशांच्या मागे.
झेली लपवायची तिथे.”