एस लागतो

इंदोऱ्याच्या चौकात, दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत
संध्याकाळी साडेसातला ढबाले सर
फळ्यावर एकच शब्द लिहितात: रन.
म्हणजे काय? सांगा.
धावणे, आम्ही सगळ्या एका सुरात.
सर हसतात. एवढंच असतं
तर मी फी कशाची घेऊन राहिलो?

माझं झेरॉक्सचं दुकान बारा वर्षांपासून चालते.
इंग्रजीत म्हणे ते धावते.
मी म्हटलं, सर, मे महिन्यात, पोट्ट्यांच्या परीक्षा आटोपल्या
की ते चक्क बसून असते.
तरी रनच लिहा, म्हणाले.

नळ आमच्याकडे येतो,
एक दिवसाआड, पहाटे पाचला, दूरच्या पाहुण्यासारखा.
त्यांच्याकडे धावतो.
सर्दीत आपलं नाक वाहते, त्यांचं पळते.
ओढणीचा रंग आपल्याकडे जातो
(कुठं जातो, कोणी विचारत नाही),
तिकडे तोही धावतच.
आणि गंमत म्हणजे आमच्या वार्डातले ते भाऊ,
जे दर निवडणुकीला उभे राहतात,
नुसते उभे, नाली तुंबली तरी उभे,
त्यांना इंग्रजीवाले धावायला लावतात!
शेजारच्या बाकावरची मंजूषा चौरे इतकी हसली
की सरांनी खडू खाली ठेवला.

केवढी घाई आहे बाप्पा या भाषेला.
साखर संपली तरी धावून संपते,
बर्डीवर कोणी ओळखीचं भेटलं तरी धावून भेटते,
टेकायला ओटा नाही, दम खायला जागा नाही.
आपण कसे,
निघतानासुद्धा येतो म्हणतो.

मग सरांनी अजून एक उदाहरण फळ्यावर लिहिलं
आणि मी वहीत मान घातली.
ते वाक्य मला आधीपासून माहीत होतं.
मेडिकलच्या ओपीडीत, रक्ताचा रिपोर्ट धरून
एक नवख्या डॉक्टरीणबाई
माझ्या डोक्यावरून दुसऱ्या डॉक्टरला म्हणाल्या होत्या,
इट रन्स इन द फॅमिली.
मला तेव्हा दोनच शब्द समजले होते.
मनात म्हटलं, नाही हो मॅडम,
आमच्या फॅमिलीत कोणीच धावत नाही.
मावशी भिंत धरून चालायची.
भाऊ तर चौदाव्या वर्षीच,
जाऊ द्या.
आणि माझी संघप्रिया, थंडी पडली
की गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन
खिडकीतून समोरच्या मैदानातली लंगडी पाहते,
कोण बाद झालं ते मला ओट्यापाशी ओरडून सांगते.
सिकलसेल. विळ्यासारख्या पेशी.
धावतो तो आजार, आजोबापासून नातीपर्यंत, न दमता.
माणसं खाटेवर.

घरचा अभ्यास होता, पाच वाक्यं.
दुकानाचं लिहिलं, नळाचं लिहिलं,
नाकाचं, उभ्या राहणाऱ्या भाऊंचं.
पाचवं रात्री अकरापर्यंत सुचलं नाही.
ते फॅमिलीवालं मला माझ्या अक्षरात नको होतं.
आत पोरगी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाली,
खाट वाजली,
तेव्हा लिहून टाकलं सगळ्यात सोपं,
डिक्शनरीतलं एक नंबरचं:
माय डॉटर रन.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही तपासली.
लाल पेनानं शेवटी एक एस जोडला.
एकटी आहे ना ती? मग एस लागतो,
मराठीत चालून जाते, इथं नाही चालत.
बाकी बरोबर आहे.

मी काही बोलली नाही.
शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.