दुखण्याची जाडी

लांचौ, हाडांचा विभाग, सातवा मजला.
खाट एकोणीस. मा झानलिन, वय एकावन्न,
धंदा: नूडल ओढणे.
तीस वर्षं पहाटे चारला कणकेचा गोळा
हातभर ताणायचा, आपटायचा, दुमडून पुन्हा ताणायचा.
एके दिवशी पातेल्यावर वाकला
आणि चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली.

कमरेवरचं भोक माझ्या करंगळीच्या नखाएवढं.
एक टाका, वर चौकोनी पट्टी.
"एवढ्यातूनच?" तो विचारतो,
कुणी मापात मारल्यासारखा.

माझ्याकडे रकाने आखलेला कागद आहे.
पट्टी कोरडी आहे का.
बोटं हलवा. घोटा वर. आता खाली.
अंगठ्यावर कापूस फिरवते, कळतंय?
लघवी झाली?
तो भिंतीकडे बघून मान हलवतो.
कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदम,
ओंडका वळवावा तसं; मध्ये पीळ नको.
"पीळ देण्यातच तर जन्म गेला," म्हणतो.

शून्य ते दहा, किती दुखतंय?
याला मात्र तो आकडा देत नाही.
दाखल झाला तेव्हा: रुंद, कमरपट्ट्याएवढं,
ढुंगणापासून पोटरीपर्यंत.
काल संध्याकाळी: लसणीच्या पातीएवढं.
आज पहाटे डोळे मिटून,
चिमटीत धरून पाहावं तसं:
केसाएवढं. पण तुटत नाहीये.

मी लिहिते आठ, चार, एक.
शेजारी पेन्सिलीने तेवढ्या जाडीच्या रेघा.
हेडनर्स छी बाईंनी त्या खोडल्या नाहीत,
विचारलंही नाही.

चार वाजता तो आपोआप जागा होतो.
हात चादर मळत असतात.

सकाळी पट्टा बांधून काठावर बसवलं.
गरगरतंय? नाही. मग उभे राहा.
खिडकीपर्यंत नऊ पावलं.
खाली पिवळी नदी, पिठूळ, घाईत.
त्याने पांढरी टोपी मागितली, घातली,
आणि बराच वेळ पलीकडच्या काठावर
कुठलंतरी धुराडं शोधत राहिला.

पिठाची गोणी तीन महिने नाही, मी सांगते.
वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं.
"आणि पोरगा पातळ ओढतो, त्याचं काय?"
त्याला माझ्या कागदावर उत्तर नाही.

त्याच्या सपाता सरळ करायला मी खाली वाकले,
गुडघ्यात न बसता, घाईने.
उठताना हात आपसूक कमरेवर गेला.
"तुमची किती?" तो म्हणाला.
"पातीएवढी," मी म्हटलं,
आणि खाट वीसकडे वळले,
खांदा आणि कंबर एकदम.