कारण: पक्षी

सबस्टेशनच्या रजिस्टरात सहा रकाने.
फिडर, वेळ, किती मिनिटं, कोण गेलं.
पाचवा कारणाचा.
सहावा शेऱ्याचा, तो कोणी भरत नाही.
अकरा वर्षं मी पाचव्यात लिहीत आलो:
झाड. माकड. वारा. पक्षी.

मग एका नोव्हेंबरात पहाटे पाचला
पिंपळटोल्याचा फिडर ट्रिप झाला.
खांबाखाली, धान कापलेल्या बांधीत
एक पडलेला. मळकट पांढरा, पंखांची टोकं काळी,
आणि चोच मिटूनही मधे फट,
सुपारी निसटावी एवढी.
मी ती दोन बोटांनी मिटवून पाहिली. मिटेना.
वाटलं, शॉकनं झालं असेल.

फट जन्माची होती.
हे कळायला बाजाराचा दिवस उजाडावा लागला,
वाचनालयातलं पुठ्ठा सुटलेलं पुस्तक,
पान एकशे चार: मुग्धबलाक.
मी ते इतक्या मोठ्यानं वाचलं
की रहांगडालेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
गोगलगाय धरायला असते ती फट. एवढंच.
रात्रपाळीत मी 'पक्षी' खोडून नाव लिहिलं.
सकाळी साहेबांची लाल शाई: 'पक्षी' पुरेसे आहे.

पुरेसं नव्हतं.
नागपूरहून जुनी दुर्बीण आणली,
उजव्या भिंगात बुरशी,
म्हणून पहिल्या हिवाळ्यातले माझे सगळे पक्षी
एका अंगानं धुक्यात आहेत.
शिक्रा दिसला म्हणून तीन दिवस सांगत फिरलो,
चौथ्या दिवशी तो ओरडला, तर पावशा.
छाती पाहिली होती, शेपटीचे पट्टे मोजले होते,
बसणं पाहिलं नव्हतं.

पुस्तक म्हणतं, आकार चिमणीशी, मैनेशी ताडून बघा.
मी पिन इन्सुलेटरशी ताडतो.
एक इन्सुलेटर: वेडा राघू.
दीड: खाटीक.
दोनाच्या वर, लाल डोळ्याची: कापशी.
कोतवालाला मोजावं लागत नाही,
त्याची शेपूट दुरून तुटलेल्या जम्परसारखी दिसते,
दोनदा मी सायकल टाकून धावलो आहे.

बोडीवर इस्तारी बावणे शिंगाडे काढत होता,
छातीभर पाण्यात, डोंग्याला एक हात.
मी म्हटलं, ती बघा, ढोकरी.
तो म्हणाला, "आंधरा बगरा होय तो."
आंधळा कशाला? चांगला बघतो की.
"तुमाले वाटते का तो पायत नाई.
मासोरीले इचारा."
मी वहीत दोन्ही नावं लिहिली.
मग इस्तारीचं वर, पुस्तकाचं खाली.

त्यानंच दाखवलं, संध्याकाळी थवा कुठून येतो,
कुठल्या खांबावर आधी उतरतो.
पुढच्या आठवड्यात, परमिट दुसऱ्याच कामाचं होतं,
त्या तीन खांबांच्या जम्परवर
मी जुन्या पाइपाचे तुकडे चढवले.
रजिस्टरात याला रकाना नाही.

तरी एक पडलाच, मार्चमध्ये, चौथ्या खांबाखाली.
काळा शराटी. डोक्यावरचं लाल
ऊन चढेपर्यंत तसंच होतं.
उचलताना मला आधी नाव आठवलं
आणि मग वाईट वाटलं,
या क्रमाचं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.

आता पाचव्यात मी 'पक्षी' लिहितो, साहेबांसाठी.
सहावा रकाना माझा.
काल काही बिघडलं नव्हतं. शेरा:
पुरवठा सुरळीत. तारेवर वेडे राघू एकवीस,
नाही, वीस, एक लिहिता लिहिता उडाला.
कुंपणाच्या बाभळीत काहीतरी बारीक, मातकट,
भुवई पांढरी, सारखी शेपूट हलवणारं.
ओळखू आलं नाही.
जागा सोडली आहे.