एकसष्टावा दात

वर्तुळाचे सारखे भाग पाडायला डिव्हायडिंग हेड लागतं,
आणि ते करायला
आधीच सारखे भाग पाडलेलं एक चाक लागतं.
पहिलं चाक कुणी भागलं, कशावर,
हे कॅटलॉगात लिहिलेलं नाही.
किंमत तेवढी लिहिलीय.
ती वाचून मी पान मिटलं
आणि गोठ्यातला दिवा लावला.

गोठाच हा. स्ट्रॉमनेसच्या वरच्या अंगाला.
आईची शेवटची गाय इथं बांधलेली असायची,
तिच्या जागी आता लेथ उभं आहे
आणि थंडीत तेही तिच्यासारखंच
पहिली दहा मिनिटं कुरकुरतं.
बत्तीस वर्षं मी फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होते.
तिथं मोडलेलं सांधायचं असे,
नवं काही करायची वेळच येत नसे.

कांसं एरलेंडच्या बोटीचं,
खडकावर आपटून पातं तुटलेला पंखा.
त्यातून चकती कापली, कडेला टॅप भिडवला
आणि दिला सोडून, पाडू दे त्याचे तो दात.
छान चावत गेला. सोनेरी कीस बुटात शिरला.
साठ हवे होते.
खडूची खूण करून मोजले, एकसष्ट.
उलटीकडून मोजले.
एकसष्ट.

टॅपचा पहिला चावा बाहेरच्या काठावर पडतो,
तिथला घेर मोठा,
तिथं एक दात जास्तीचा मावतो.
हे कळलं ते चकती खिळ्याला टांगून
चहा पिताना.

मग कागद.
बिलाच्या रोलची पट्टी, सहाशे मिलिमीटर,
दर दहावर पेन्सिलची रेघ.
प्लायवूडचं चाक कातत आणलं,
एकशे त्र्याण्णव, एकशे ब्याण्णव,
एकशे एक्क्याण्णवला
पट्टीची दोन टोकं टेकली,
अबोला धरलेली दोन माणसं
एका बाकावर बसावीत तशी.

साठ रेघा, आणि प्रत्येक थोडी खोटी.
कुठे पेन्सिल बोथट,
कुठे डिंकानं कागद ताणलेला,
सतरावी तर वाऱ्यानं दार आपटलं तेव्हाची.
त्यांच्यावर भरवसा ठेवून नव्या चकतीला साठ खाचा दिल्या,
मग टॅप फिरवत राहिले
दातादातांतली भांडणं मिटेपर्यंत.

आता दांडा साठदा फिरवला
की चाक एकदा फिरतं.
तीच प्लायवूडची चकती दांड्याला लावली,
तिच्याच खोट्या रेघा धरून
पोलादी तबकडीला भोकं पाडली.
रेघ अर्धा मिलिमीटर चुकलेली असली
तरी भोकापर्यंत
तिचा साठावा हिस्सा पोचतो.
एक तीळ सातांनी वाटून खाल्ला म्हणतात,
मी एक चूक साठांना वाढली.
कुणाचंच पोट दुखलं नाही.

एरलेंड दारात टेकून बघत होता.
"कशासाठी हे?"
"भाग करायला."
"कशाचे?"
त्याला मी कप दिला.
कप तसाच ठेवून त्यानं दांडा धरला,
खटका एका भोकातून सुटून
पुढच्यात टक्कन बसला,
मग पुढच्यात.
अर्धा तास फिरवत होता. बाहेर सव्वातीनलाच अंधार.
बायकोचा फोन आला तेव्हा म्हणाला,
"कामात आहे."

तो गेल्यावर खिळ्यावरची चकती काढली,
वितळवायची म्हणून.
मग सुचलं,
साठच्या चाकानं एकसष्टला सरळ भाग जात नाही.
एकसष्टला कशानंच जात नाही,
एक आणि तो स्वतः सोडून.
पण हीच चकती चाकाच्या जागी बसवली
तर दांड्याच्या एकेका फेऱ्याला
एकेक घर, बरोबर एकसष्ट.
अख्ख्या बेटावर दुसरं कुणाकडे असेलसं वाटत नाही.

पुन्हा टांगली. खाली खडूनं आकडा लिहिला.

अजून कुणी मागायला आलेलं नाही.
आलं तर दार लोटलेलंच असतं,
फक्त ढकलताना जरा वर उचलायचं,
बिजागरी खालची झिजलीय.