मालक: अज्ञात

सकाळी सहाला अल रम्सच्या धक्क्यावरून निघतो आम्ही चौघं.
मागे डोंगर अजून राखाडी, पुढे पाणी शिशासारखं,
आणि सुकाणूवर हुमैद अल शेही,
ज्याने याच पाण्यात तीस वर्षं गरगूर टाकले
आणि आता तेच वर काढायचा पगार घेतो.
विचारलं तर म्हणतो, दर्याची जुनी उधारी.
मग स्वतःच हसतो:
आणि मुलीच्या कॉलेजची नवी.

गरगूर म्हणजे तारेचा घुमट,
माणूस उकिडवा बसेल एवढा.
तोंडाशी नरसाळं. आत यायची वाट आहे, बाहेरची नाही.
आमच्या एकदऱ्याला बांबूची खोइन असते,
तिचाच हा परदेशी चुलतभाऊ.
पण खोइन दोन पावसांत कुजते, मोडते, मोकळी होते.
तार इतकी सहज मरत नाही.
दोरी तुटते, बोया वाहून जातो, टाकणारा विसरतो,
आणि हा बारा वाव खाली
मासे धरत बसतो, कुणासाठीच नाही.
आत अडकलेला मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो,
दुसऱ्यापाठोपाठ गोबरा, ज्याला इथे हमूर म्हणतात
आणि लग्नाच्या ताटात मधोमध ठेवतात.

लुर्देस वही सांभाळते. इलोइलोची आहे,
बोट लागते तिला, तरी अक्षर वाकत नाही.
रकाने तिनेच आखलेत:
खोली, जिवंत, मेलेले, मालक.
शेवटच्या रकान्यात रोज तोच एक शब्द.

मी विंचवर. हुमैदचा आकडा तळाशी काहीतरी धरतो,
दोर ताणतो, वाळू सोडताना
एक हिसका येतो, तो मला कानांआधी टाचांना कळतो.
बापाला जाळ्याचं वजन असंच कळायचं.
तो विचारतो फोनवर, काय पडलं आज?
मी सांगतो, सोळा.
सोळा काय?
रिकामे पिंजरे, बाबा.
मग पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू येतो.

कापायचं काम मोफिज्जलचं.
महेशखालीहून आला, बंदरामागच्या शेडमध्ये
चार वर्षं गरगूरच विणले, नगावर पैसे.
बोटं अजून पुरती उघडत नाहीत.
म्हणून तर घेतला त्याला,
कुठून उसवायचं हे विणणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक?

आज सतरावा वर आला आणि त्याची कातर थांबली.
आतल्या बाजूला, तारेच्या पीळापीळाला
माकलीची अंडी लोंबत होती,
सोललेल्या लसणाच्या पाकळ्यांसारखी, शेकड्याने,
आणि काहींच्या आत
इवलासा डोळा फिरत होता.

लुर्देसने वही मिटली नाही, लिहिलंही नाही.
हुमैदने इंजिन बंद केलं.
मोफिज्जल मात्र अंडी बघतच नव्हता.
तो गाठ बघत होता.
सगळे पीळ उजवीकडे असतात, हा डावीकडे.
शेडमध्ये डावखुरा एकटाच, म्हणाला. मीच.

मग त्याने कातर खाली ठेवली.
बादलीने पाणी मारत राहा, एवढंच बोलला,
आणि उघड्या बोटांनी,
त्याच न उघडणाऱ्या बोटांनी,
तळाचा एकेक पीळ उलटा फिरवत गेला.
धक्का नाही, थरथर नाही.
नरसाळं काढलं. तळ काढला. दोन बाजू मोकळ्या केल्या.
राहिला नुसता अंड्यांचा मांडव.

मी विंचला हात लावला नाही.
दोर हातानेच सोडला, वावावावाने मोजत,
तळ लागला तेव्हा टाचांना काहीच कळलं नाही.

परतताना वाद झाला.
हा काढलेल्यांत धरायचा की टाकलेल्यांत?
हुमैद म्हणाला, गेल्या तीस वर्षांच्या खात्यात मांड.
लुर्देसने फक्त जागेचे आकडे लिहिले
आणि पेन शेवटच्या रकान्यावर धरलं.
मोफिज्जल तारेने फाटलेला अंगठा चोखत होता.
त्याला लिहिता येतं, बांगलात.
त्याने वही मागितली.

काय लिहिलं, आम्हा तिघांनाही वाचता येत नाही.
ओळ मात्र एका नावापेक्षा
बरीच लांब आहे.