कुणाचे डाव

दोरगे सर म्हणाले, एकच निवड.
वर्षभर त्याचेच डाव मांड.
दोन घरचा पाहुणा उपाशी.

एरंडवण्यातल्या खोलीत, तुरीच्या रिकाम्या डब्यांतून
काळ्या-पांढऱ्या सोंगट्या काढून
मी तीन नावं समोर घेतली.

पहिला भांडकुदळ. दिसेल तिथे कापतो.
त्याचा डाव मांडताना मलाच धाप लागते.
दुसरा निर्मळ, इतका की
चूक सापडतच नाही,
मग शिकायचं कुठून?

तिसरा कुरामोची. सात दान,
आणि खरोखरच दानशूर.
किताब एकही नाही.
अर्ध्या गुणाने हरलेले डाव बावीस,
चिंचवडहून येताना पीएमपीत बसून
बोटांच्या पेरांवर मोजले मी.

कोपरा देऊन टाकतो तो,
जसे बाबा दुकानात
वरचे आठ आणे सोडून द्यायचे
आणि आई रात्री ते वहीत लिहून ठेवायची.
पण दीडशेव्या खेळीच्या आसपास
त्या मेलेल्या सोंगटीशेजारी
काहीतरी हलतं.

हरणाऱ्याकडून काय शिकणार? सर म्हणाले.
हिशेब, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. चहावर साय धरली होती.

आज सतरावा डाव, एक्याण्णववी खेळी.
पुस्तकावर पोस्टकार्ड झाकलंय,
तो कुठे ठेवेल ते ओळखायचं.
डावीकडे, खाली, बोट नेते.
उचलते.
म्हात्रे पुलावर कुणीतरी हॉर्न धरून बसलंय.
पुन्हा नेते.